शेपटीमागचं गणित

"मावशी, माझं विमान त्याच्यापेक्षा आतून वळतं. मी दांडी पूर्ण ओढतो. तरी दर वेळी मीच कसा मरतो?"

माझा भाचा अकरावीत आहे. संगणकावर लढाऊ विमान उडवण्याचा एक खेळ त्याच्याकडे आहे. त्याचा मित्र दुसऱ्या घरात, दुसऱ्या संगणकावर बसतो आणि रात्री दोघांची आकाशात झुंज लागते. एकास एक, फक्त बंदुका. जो दुसऱ्याच्या मागे जाईल तो जिंकला. मी विमान उडवलेलं नाही आणि युद्धाचं मला आकर्षणही नाही. पण त्याचा प्रश्न विज्ञानाचा होता. तोही असा, की ज्याचं उत्तर शोधायला खऱ्या वैमानिकांना जवळजवळ पन्नास वर्षं लागली, आणि उत्तर निघालं तेव्हा ते नववीच्या पुस्तकातच सापडलं.

अशा झुंजीला इंग्रजीत 'डॉगफाइट' म्हणतात. दोन कुत्री एकमेकांची शेपटी धरायला गोल गोल फिरतात, ते दृश्य आठवा. विमानाची बंदूक पुढच्या दिशेला घट्ट बसवलेली असते, म्हणजे बंदूक वळवायची तर सगळं विमान वळवावं लागतं. ही रचना पहिल्या महायुद्धातली. फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या कशा झाडायच्या हा तेव्हाचा मोठा पेच होता. फ्रेंच वैमानिक रोलां गारो याने पात्यांवर पोलादी पाचरी बसवल्या आणि एप्रिल १९१५ मध्ये पहिलं विमान पाडलं. पात्याला लागणाऱ्या गोळ्या पाचरीवरून बाजूला उडून जात. त्याच उन्हाळ्यात जर्मन फॉकर विमानात इंजिनाशी जोडलेली यंत्रणा आली. पातं समोर असेल त्या क्षणी ती बंदूक थांबवे. आणि मग विमान म्हणजेच उडती बंदूक झाली.

ऑस्वाल्ड ब्यॉल्क हा जर्मन वैमानिक या नव्या कलेचा पहिला शिक्षक. त्याने १९१६ मध्ये नवशिक्यांसाठी आठ नियम तयार केले. हल्ल्याआधी वरचढ जागा मिळवा, सूर्य पाठीशी ठेवा. जवळ गेल्याशिवाय गोळी झाडू नका. मागून हल्ला करा. शत्रू वरून झेपावला तर पळू नका, त्याच्या तोंडावर चालून जा. हे सगळे नियम अनुभवातून आलेले. त्यात कुठे 'का' नाही. उंची हवी म्हणजे किती, आणि तिच्या बदल्यात काय मिळतं, हे त्यात सांगितलेलं नाही. दोघांनी एकाच शत्रूच्या मागे लागू नये असाही एक नियम होता. २८ ऑक्टोबर १९१६ रोजी ब्यॉल्क आणि त्याचा साथीदार एकाच ब्रिटिश विमानाच्या मागे असताना दोघांची विमानं एकमेकांना घासली आणि ब्यॉल्क मेला. तोवर त्याने चाळीस विमानं पाडली होती.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येऊ. त्याचा समज असा की झुंज म्हणजे वळणाची स्पर्धा: ज्याचं वर्तुळ लहान तो जिंकणार. आपल्यालाही प्रथम तसंच वाटतं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला जपानचं 'झिरो' हे विमान या समजाचा पुरावाच वाटत होतं. हलकं विमान, मोठे पंख, आणि वळण इतकं लहान की अमेरिकन वैमानिक त्याच्याबरोबर वळायला गेला की काही सेकंदांत झिरो त्याच्या मागे.

१९४१ मध्ये जॉन थॅच या अमेरिकन नौदलातल्या अधिकाऱ्याच्या हाती झिरोबद्दलचा एक गोपनीय अहवाल आला. आपलं वाइल्डकॅट विमान चढण्यात आणि वळण्यात दोन्हीकडे मागे पडणार हे त्याला दिसलं. तो सॅन दिएगोजवळ कोरोनाडोला राहत होता. रात्री घरी गेल्यावर स्वयंपाकघराच्या टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडून तो विचार करी. एक काडी म्हणजे एक विमान. प्रत्येक काडी तिच्या वळणाच्या त्रिज्येत जेवढी सरकेल तेवढीच सरकवायची. माझ्या मते हवाई झुंजीचं पहिलं चांगलं सिम्युलेटर हेच! खरी वस्तू बाजूला ठेवून तिच्या एक-दोन गुणांचाच खेळ मांडायचा, हेच तर सिम्युलेटर करतं.

काड्यांनी थॅचला सांगितलं की एकास एक या लढतीत त्याला जिंकता येणार नाही. मग त्याने लढतच बदलली. दोन विमानं एकमेकांपासून ठरावीक अंतरावर बाजूबाजूने उडतील. एकाच्या मागे झिरो लागला की दोघंही एकमेकांच्या दिशेने वळतील. मग पाठलाग करणारा झिरो आपोआप दुसऱ्या विमानाच्या बंदुकीसमोर येईल. याची परीक्षा त्याने कशी घेतली ते पाहण्यासारखं आहे. वाइल्डकॅटपेक्षा चपळ विमान त्याच्याकडे नव्हतं. म्हणून त्याने स्वतःच्या तुकडीच्या इंजिनांची ताकद निम्म्यावर अडवून ठेवली आणि प्रतिपक्षाला पूर्ण ताकद दिली. आपलंच विमान दुबळं करून समोरचं 'झिरो' बनवलं. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत ही युक्ती खऱ्या झिरोंपुढे चालली.

त्याच महिन्यात अलास्कातल्या अकुतान बेटावर एक झिरो दलदलीत उलटून पडला. वैमानिक मेला, विमान जवळपास शाबूत राहिलं. ते दुरुस्त करून सप्टेंबरमध्ये अमेरिकनांनी उडवून पाहिलं. तेव्हा दोन गोष्टी कळल्या. सुमारे २०० नॉट, म्हणजे ताशी ३७० किलोमीटरच्या पुढे या विमानाच्या पंखांवरच्या झडपा इतक्या जड होत की ते कुशीवर वळायलाच वेळ घेई. आणि नाक एकदम खाली दाबलं की इंजिन बंद पडे. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल अशा वेळी नळीकडे जायच्या ऐवजी वर उसळतं. गंमत म्हणजे १९४० मध्ये इंग्लंडच्या स्पिटफायरमध्ये अगदी हाच दोष होता. जर्मन मेसरश्मिटमध्ये इंधन थेट फवारलं जाई, त्यामुळे जर्मन वैमानिक नाक खाली घालून निसटत आणि मागचा स्पिटफायर खोकत राही. फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या बिअॅट्रिस शिलिंग या अभियंतीने १९४१ च्या सुरुवातीला त्यावर एक उपाय काढला: इंधनाच्या नळीत बसवायची, मध्ये भोक असलेली एक छोटी चकती. दोष पुरता गेला नाही, पण इंजिन बंद पडायचं थांबलं. वळणाच्या त्रिज्येचा कितीही सुंदर आलेख काढा, त्यात ही चकती दिसत नाही.

झिरोबद्दल जे कळलं त्याचा सारांश वैमानिकांच्या भाषेत सोपा होता: त्याच्याबरोबर वळू नका. वरून वेगाने या, गोळ्या झाडा आणि तसेच पुढे निघून जा. चीन-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर क्लेअर शेनॉ आपल्या वैमानिकांना हेच शिकवत होता. म्हणजे वळणात हरणारं विमान जिंकू शकतं. पण ते कशाच्या जोरावर जिंकतं, याला अजून नाव नव्हतं.

ते नाव दिलं जॉन बॉइड या माणसाने. बॉइड १९२७ सालचा, पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावचा. १९५३ मध्ये कोरियात त्याने सेबर विमान उडवलं. नंतर नेव्हाडातल्या नेलिस तळावर तो वैमानिकांना झुंज शिकवू लागला. माणूस मोठ्या आवाजाचा, भांडखोर आणि स्वतःवर बेहद्द खूश. कुणीही माझ्या शेपटीमागे यावं, चाळीस सेकंदांत मी त्याच्या मागे जाऊन दाखवीन, नाहीतर चाळीस डॉलर देईन, अशी त्याची पैज असे. 'चाळीस सेकंदांचा बॉइड' हे नाव त्याला त्यावरूनच पडलं. १९६० मध्ये त्याने झुंजीतल्या सगळ्या डावपेचांवर एक पुस्तिका लिहिली. पण तीही ब्यॉल्कच्या जातीचीच, फक्त फार सविस्तर: त्याने हे केलं तर तुम्ही ते करा.

मग वयाच्या तिशीत हा माणूस जॉर्जियातल्या तंत्रशिक्षण संस्थेत पदवीचा विद्यार्थी होऊन बसला. उष्मागतिकी त्याला जड जात होती. एकदा सहाध्यायीबरोबर अभ्यास करताना तो त्याला विमानांच्या झुंजीबद्दल सांगू लागला, आणि सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की वैमानिक ज्याला 'वरचढ जागा' म्हणतात ती ऊर्जाच आहे. (वर्गात दुसऱ्याला समजावताना आपल्यालाच काहीतरी कळतं, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही.)

विमानाकडे दोन प्रकारची ऊर्जा असते. वेगामुळे गतिज, उंचीमुळे स्थितिज. दोन्हींची बेरीज करा आणि वजनाने भागा. उत्तर चक्क मीटरमध्ये येतं: उंची अधिक वेगाचा वर्ग भागिले 2g. समजा एक विमान ३००० मीटर उंचीवर सेकंदाला २०० मीटर वेगाने उडतंय. दुसरं ४००० मीटरवर, पण १४० मीटर वेगाने. पहिल्याच्या वेगाची किंमत सुमारे २०४० मीटर, दुसऱ्याच्या वेगाची सुमारे १०००. बेरीज केली तर दोघं जवळपास सारखेच श्रीमंत, पाच हजार मीटरच्या आसपास. एकाची रक्कम हातात रोख आहे, दुसऱ्याची बँकेत, एवढाच फरक. ही 'ऊर्जा-उंची' वर्गात काढायला छान उदाहरण आहे. मुलं नेहमी विचारतात की स्थितिज ऊर्जेचा उपयोग काय; त्यांना वरून झेपावणारं विमान दाखवा.

आता वळणाकडे येऊ. विमान वळतं ते कुशीवर होऊन. पंखांची उचल एरवी वजन तोलते. विमान कलंडलं की तीच उचल तिरकी होते आणि तिचा आडवा भाग अभिकेंद्री बल म्हणून कामी येतो. जितकं जोरात वळायचं तितकी जास्त उचल हवी. वजनाच्या सातपट उचल घेतली तर वैमानिकालाही आपलं वजन सातपट वाटतं. रक्त पायाकडे धावतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पण उचलीला दुसरीही मर्यादा आहे: ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात मिळते. समजा एखादं विमान सेकंदाला ८० मीटर वेगाला जेमतेम हवेत तरंगतं, म्हणजे तिथे उचल वजनाइतकी. मग १२० मीटर वेगाला ती वजनाच्या सव्वादोन पटच मिळेल, आणि २१२ मीटर वेगाला सातपट.

याच विमानाचं वळण काढून पाहू. वेग ३०० मीटर असताना सातपट उचल घेतली तर वर्तुळाची त्रिज्या सुमारे १३२० मीटर येते आणि पूर्ण फेरी २८ सेकंदांत होते. वेग २१२ वर आणला की त्रिज्या ६६० मीटर आणि फेरी जेमतेम २० सेकंदांची. वा! मग वेग आणखी कमी करू या. १२० मीटरला उचलच सव्वादोन पट. त्रिज्या ७३० मीटर आणि फेरीला तब्बल ३८ सेकंद. म्हणजे वर्तुळही लहान नाही आणि वळायला वेळही दुप्पट. प्रत्येक विमानाला असा एक वेग असतो, ज्याच्या खाली पंख साथ देत नाहीत आणि ज्याच्या वर शरीर साथ देत नाही. सगळ्यात चपळ वळण त्या एका वेगालाच मिळतं.

माझ्या भाच्याचं नेमकं हेच होत होतं. समोर मित्र दिसला की तो दांडी पोटाशी ओढायचा. पहिल्या अर्ध्या फेरीत तो खरंच आत घुसायचा. पण उचल फुकट मिळत नाही. उचलीमुळे पंखांच्या टोकांशी भोवरे तयार होतात आणि त्यांचा रोध उचलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्याच वेगाला सातपट उचल म्हणजे हा रोध ४९ पट. इंजिनाचा रेटा तिथे कुठला पुरायला! वेग कोसळतो. दुसऱ्या फेरीला हा १२० मीटरवर रांगत असतो, आणि ज्या मित्राने सुरुवातीला सैल वळण घेऊन थोडी उंची कमावली होती तो सावकाश वरून त्याच्या मागे उतरतो. हे मी त्याला कागदावर काढून दाखवलं. त्याचा चेहरा पडला. मग म्हणाला, "म्हणजे मी स्वतःच मरतो."

बॉइडने हेच एका सूत्रात मांडलं. रेट्यातून रोध वजा करा, वेगाने गुणा, वजनाने भागा. उत्तर येतं 'मीटर दर सेकंद' मध्ये: या क्षणी तुम्ही ऊर्जा-उंची किती वेगाने कमावताय किंवा गमावताय. उत्तर उणे शंभर आलं, आणि २० सेकंदांची फेरी तशीच मारली, तर दोन हजार मीटर गेले.

प्रामाणिकपणे सांगायचं तर हे सूत्र बॉइडच्या आधीही होतं. १९४४ मध्ये मेसरश्मिट कंपनीत जेट विमान लवकरात लवकर कसं चढवायचं यासाठी ही कल्पना वापरली गेली, आणि १९५४ मध्ये अमेरिकेत एडवर्ड रुटोव्स्की याने ती नीट मांडली. पण तो विचार होता एकट्या विमानाचा. बॉइडने दोन विमानं शेजारी ठेवली. प्रत्येक उंची, प्रत्येक वेग, प्रत्येक वळण घेऊन दोघांचे आकडे काढायचे आणि एकातून दुसरा वजा करायचा. मग नकाशा मिळतो: इथे आपण वरचढ, इथे शत्रू. 'मी चांगला की तू?' या प्रश्नाऐवजी 'कुठे मी आणि कुठे तू?' हा प्रश्न आला. त्याचं खरं श्रेय मला यात दिसतं.

असे हजारो आकडे हाताने काढणं अशक्य. फ्लोरिडातल्या एग्लिन तळावर संगणक होता, पण बॉइडला त्यावर अधिकृत वेळ मिळेना. तिथे टॉम क्रिस्टी नावाचा तरुण मुलकी गणितज्ञ होता. त्याने दुसऱ्या प्रकल्पांच्या नावावर बॉइडची गणितं संगणकात घातली. पुढे चौकशी झाली, आणि दोघं निभावले ते उत्तरांमुळे. १९६४ मध्ये अहवाल तयार झाला. त्यातले नकाशे अमेरिकन हवाई दलाला रुचणारे नव्हते. मिग विमानांशी तुलना केली तर कितीतरी मोठ्या टापूत सोव्हिएत विमानं वरचढ होती. (त्यातल्या मिग-२१ ची बांधणी पुढे आपल्या नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यातही झाली, भारतीय हवाई दलातून ती विमानं सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाली.) त्या वेळी अमेरिकेत समज असा होता की क्षेपणास्त्रं आली, आता झुंजीचे दिवस संपले. नव्या फँटम विमानात बंदूकही ठेवली नव्हती. व्हिएतनामने तो भ्रम उतरवला. मार्च १९६९ मध्ये अमेरिकन नौदलाने मिरामारला झुंजीची वेगळी शाळा काढली. तिथे लहान, चपळ स्कायहॉक विमानं मिगची सोंगं घेऊन उडत. थॅचने केलं होतं तेच पुन्हा. बॉइडचं गणित पुढच्या एफ-१५ आणि विशेषतः एफ-१६ विमानाच्या आराखड्यात उतरलं.

या सगळ्यात गणिताची आणखी एक वाट वेगळीच चालली होती. १९५१ मध्ये रँड संस्थेत रुफस आयझॅक्स या गणितज्ञाने एक कोडं घातलं. मोकळ्या मैदानावर एक मोटार एका पादचाऱ्याला उडवायला बघतेय. मोटार वेगवान, पण तिला एका त्रिज्येपेक्षा लहान वळता येत नाही. पादचारी हळू, पण जागच्या जागी दिशा बदलू शकतो. मोटार त्याला गाठेल का? कोड्याचं नाव भीषण आहे, 'खुनी मोटारचालक'. उत्तर दोन गुणोत्तरांवर अवलंबून आहे: वेगांचं गुणोत्तर, आणि मोटारीची पोहोच व तिच्या वळणाची त्रिज्या यांचं गुणोत्तर. पण उत्तरातला सगळ्यात सुंदर भाग असा की पादचारी अगदी जवळ, बाजूला असेल तर मोटारीने त्याच्याकडे वळून उपयोग नाही. तिने आधी त्याच्यापासून दूर जायला हवं, अंतर पडलं की मग वळून यायचं. हा खेळ वर्गात आलेख-कागदावर खेळता येतो. मोटारीने दर खेपेला पाच घरं जायचं आणि दिशा ३० अंशांपेक्षा जास्त बदलायची नाही. पादचाऱ्याने दोन घरं, हव्या त्या दिशेला. मुलांना दूर जाण्याची ही युक्ती कुणी न सांगता सापडते का ते पाहा. माझ्या भाच्याला सापडायला तीन कागद लागले.

सिम्युलेटर मात्र तोवर एकट्या वैमानिकापुरतंच होतं. एडविन लिंकने ते १९२९ मध्ये बांधलं, तेही वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यात. ऑर्गनमधल्या भात्यांवर त्याने एक बुटकं लाकडी विमान बसवलं. दांडी हलवली की भात्यांतली हवा कमी-जास्त होऊन ते कलंडे. सुरुवातीला ते जत्रेत, नाणं टाकून बसायच्या पाळण्यासारखं खपलं. १९३४ मध्ये अमेरिकन सैन्यावर टपाल वाहण्याचं काम आलं आणि खराब हवेत अनेक वैमानिक मेले, तेव्हा कुठे सैन्याने सहा नग घेतले. पण त्या डब्यात उपकरणांकडे पाहून उडायला शिकता येई, लढायला नाही. लढायला दुसरा लागतो.

तो दुसरा १९७१ मध्ये मिळाला. अमेरिकेत नासाच्या लँग्ली केंद्रात बारा-बारा मीटर व्यासाचे दोन पोकळ गोल बांधले गेले. प्रत्येकात एक वैमानिक. गोलाच्या आतल्या पडद्यावर आकाश, जमीन आणि दुसऱ्या गोलातल्या वैमानिकाचं विमान दिसे. एकास एक झुंज, आणि कुणी मरत नाही. लगेचच प्रश्न आला की एका गोलात माणसाऐवजी संगणक बसवला तर? जॉर्ज बर्गिन आणि त्याच्या सहकाऱ्यांचा असा कार्यक्रम १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची रीत साधी होती. प्रतिपक्ष पुढच्या काही क्षणांत कुठे असेल याचा अंदाज बांधायचा, आपल्याला करता येण्यासारख्या थोड्या हालचाली मनातल्या मनात करून पाहायच्या, आणि प्रत्येकीला काही हो-नाही प्रश्न विचारायचे. तो माझ्या समोर आहे का? मी त्याच्या मागे आहे का? मला तो दिसतो का? ज्या हालचालीला जास्त 'हो', ती करायची. यात डावपेच एकही शिकवलेला नाही, तरी अनुभवी वैमानिकांनाही हा प्रतिस्पर्धी सोपा जाईना.

घरगुती संगणकावर हे यायला वेळ लागला नाही. ब्रूस आर्टविकच्या १९८० च्या सुमाराच्या उड्डाण-खेळात पहिल्या महायुद्धातली एक झुंज होती, नुसत्या रेषांची. १९८७ च्या 'फाल्कन' मध्ये दोन संगणक तारेने जोडून एकास एक लढता येई. रॉबर्ट शॉ या नौदलाच्या वैमानिकाने १९८५ मध्ये झुंजीवर जाडजूड पुस्तक लिहिलं ते वैमानिकांसाठी; पुढे ते अशा खेळांच्या दर्दी लोकांनीही आवडीने वाचलं. बॉइडला ज्या गणितासाठी संगणकाचा वेळ चोरावा लागला, ते आज मुलाच्या टेबलावर सेकंदाला कित्येक वेळा होतं.

ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या 'डार्पा' या संस्थेने संगणक कार्यक्रमांच्या झुंजींची स्पर्धा घेतली. आठ संघ होते. एफ-१६ चं गणिती प्रारूप, एकास एक, फक्त बंदूक. हेरॉन सिस्टिम्स या छोट्या कंपनीचा कार्यक्रम पहिला आला. त्याला कुणी डाव शिकवले नव्हते. असंख्य लढती स्वतःशी आणि इतरांशी खेळून, गुण मिळतील ते करत तो शिकला होता. मग त्याची गाठ हवाई दलाच्या एका प्रशिक्षित एफ-१६ वैमानिकाशी घालून दिली. निकाल ५-०.

बातम्या झाल्या त्या निकालाच्या. मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते कार्यक्रम कसा जिंकला हे. तो शेपटीमागे जाण्याची वाटच पाहत नव्हता. समोरासमोर येताना, दोन विमानं एकमेकांच्या अंगावर धावत असतानाच, तो अचूक नेम धरून गोळ्या झाडे. ब्यॉल्कने तोंडावर चालून जायला सांगितलं होतं, पण आजच्या सरावात माणसांना याची बंदी आहे. दोन विमानांभोवती १५० मीटरचा एक अदृश्य बुडबुडा धरलेला असतो, त्यात शिरायचं नाही. माणूस त्या सवयीने लढत होता. कार्यक्रमाला टकरीची भीती नव्हती, कारण गुणांच्या हिशेबात भीतीला रकाना नव्हता. शिवाय प्रतिपक्ष नेमका कुठे आहे हे त्याला दर क्षणी अचूक सांगितलं जात होतं. माणसाला मान वळवून शोधावं लागतं, मध्ये ढग येतो, सूर्य येतो. त्या बिचाऱ्याने डोळ्यांवर चढवायचा पडदा लावला होता.

म्हणून हा विजय खोटा, असं मी म्हणणार नाही. ज्या प्रारूपात तो मिळाला त्या प्रारूपात तो खराच आहे. थॅचच्या काड्यांमध्ये पेट्रोल नव्हतं, बॉइडच्या सूत्रात अंधारी येणारा वैमानिक नव्हता. फरक एवढाच, की थॅचने काड्यांवर सुचलेलं दुसऱ्या दिवशी स्वतः उडवून पाहिलं.

डार्पालाही ते करावं लागलंच. डिसेंबर २०२२ पासून सप्टेंबर २०२३ पर्यंत खास बदललेल्या एका एफ-१६ वर असे कार्यक्रम बसवून २१ उड्डाणं झाली. आत दोन माणसं होती, गरज पडली तर दांडी हातात घेण्यासाठी. सिम्युलेटरमधून आकाशात येताना उड्डाणाच्या सुरक्षेशी निगडित अशा एक लाखाहून जास्त ओळी बदलाव्या लागल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये हे विमान माणूस चालवत असलेल्या खऱ्या एफ-१६ शी झुंजलं. दोघं ताशी सुमारे १९०० किलोमीटर वेगाने एकमेकांच्या सहाशे मीटरपर्यंत आले. या वेळी बुडबुड्याचा नियम कार्यक्रमालाही शिकवलेला होता. आतल्या माणसांना सुरक्षेसाठी हस्तक्षेप करावा लागला नाही. कोण जिंकलं ते जाहीर झालेलं नाही.

भाच्याने मला परवा रात्री फोन करून सांगितलं की आता मित्र समोर आला की तो आधी दांडी सैल सोडतो, थोडा वर जातो आणि दोनपर्यंत मोजतो. पाचपैकी दोन लढती जिंकल्या म्हणे. उरलेल्या तिन्हींत दोनपर्यंत मोजायला विसरला.